चोवीसास एक

खोकं जर्मनीहून आलं. आत तीनचाकी टेम्पो,
एकशे सेहेचाळीस तुकडे करड्या प्लास्टिकच्या डहाळ्यांना लागलेले
आणि स्टिअरिंग डावीकडे.
डावीकडे म्हणजे संपलंच.
डावीकडचं स्टिअरिंग धरून
पाटनीपुऱ्याच्या वळणावर कोण वाचलं असतं?

मी दात करतो. जेल रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडाची मापं.
चूक मला लोकांच्या जिभा सांगतात.
केसाएवढा उंचवटा राहिला
तरी माणूस तोंड उघडं ठेवूनच जिना चढतो.
म्हणून खोक्यातल्या जाळीला पट्ट्या नऊ
आणि माझ्या एकुलत्या एका फोटोत सात,
तेव्हा मला जेवण जात नाही.

फोटो सत्त्याऐंशीचा, मावसबहिणीच्या साखरपुड्याचा.
टेम्पो मागे, चुकून आलेला,
अर्धा मामांच्या टोपीआड, रंग विटून सगळेच गुलाबी.
टोपीमागे आरसा होता की नव्हता
यात माझे दोन रविवार गेले.
हे कशासाठी, असं मीनाक्षीनं विचारलं नाही.
तिनं फक्त जेवणाच्या टेबलाची अर्धी बाजू परत मागितली.

सियागंजात विचारलं, लोहामंडीत विचारलं.
नारंग म्हणाला, किती किलो पाहिजे?
मी म्हटलं, सात पट्ट्या, जाडी अर्धा मिलिमीटर.
त्यानं पोराला माझ्यासाठी पाणी आणायला पाठवलं.

शेवटी कवळीचं माप द्यायला आलेल्या एका गृहस्थांनी
तोंडात साचा असतानाच हातानं खुणा केल्या:
सांवेर रस्ता. गुळाचं गोदाम. मागच्या अंगाला.

होता.
एक चाक नाही, टपावर भोपळ्याचा वेल,
आत कोंबडी. तिनं सरकून जागा दिली नाही.
मी व्हर्नियर काढला.
जाळी सात पट्ट्यांची. आरसा नाही, पण त्याची दोन भोकं आहेत.
मागच्या पायरीचा पत्रा सहा मिलिमीटर,
डावीकडे झिजून चार.
एवढी माणसं, आणि सगळी एकाच पायानं उतरली.
चोवीसानं भागलं: पाव मिलिमीटर,
आणि त्याहून कमी काहीतरी
जे बोटाला कळतं, डोळ्याला नाही.

भेरूलालच्या कंचनबाई बाहेर आल्या, पदराला हात पुसत.
"यो दरवाजो इको नी हे."
दार दुसऱ्या टेम्पोचं, एक्क्याण्णवला उलटला त्यानंतरचं.
दिवा स्कूटरचा. इंजिन कुणाचं ते देवाला ठाऊक.
निळा रंग लग्नाच्या हॉलच्या गेटाचा उरलेला.
मी नखानं खरवडलं. निळ्याखाली हिरवा,
हिरव्याखाली पिवळा, आणि पिवळ्याखाली गंजच.
"भोंपू उनकोज थो," त्या म्हणाल्या.
पितळी नळी होती, रबराचा फुगा कधीच गेलेला.
केवढा होता? त्यांनी मूठ वळून दाखवली.
मी मूठ मोजली.
व्हर्नियर गार लागला तशा त्या हसल्या.
बहात्तर.

बसमध्ये परतताना वही मांडीवर होती.
अचूक, पण कुठल्या तारखेला?
ठरवलं: साखरपुडा, सत्त्याऐंशी, दुपार.
म्हणजे रंग पिवळा, दार त्याचं त्याला, टोपीमागे आरसा.
पायरी मात्र आजची ठेवली, झिजलेली.
हे चूक आहे. मला माहीत आहे.

जाळी दाताच्या तारेची केली,
दिव्याची काच कवळीच्या पारदर्शक मसाल्याची.
स्टिअरिंग उजवीकडे आणायला अकरा रात्री.
भोंग्याचा फुगा कशातच सापडेना.
बहात्तर भागिले चोवीस, तीन.
चतुर्थीच्या आदल्या रात्री पाव किलो साबुदाणा
ताटात पालथा केला आणि एक दाणा निघाला, बरोबर तीनचा.
काळा रंगवला. पावसाळ्यात फुगेल. फुगू दे.

कंचनबाईंना नेऊन दाखवला.
त्यांनी तळहातावर घेतला, डोळ्यांजवळ नेला,
दार बघितलं, पायरीकडे लक्ष गेलं नाही.
मग करंगळीच्या नखानं
साबुदाणा दाबला.